मासे, दूध आणि कोड

मासे खाऊन वर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं. मराठी घरात वाढलेल्या माणसाने हे वाक्य ऐकलं नसेल, असं सहसा होत नाही. देशावर ते ऐकू येतं, कोकणात येतं आणि आमच्या खारदांड्यात तर येतंच. खार स्टेशनवरून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने चालत गेलं की आमचा कोळीवाडा लागतो. एका अंगाला कार्टर रोड, दुसऱ्या अंगाला जुहू, आणि मधे बोटी, जाळी, बांबूंवर वाळणारे बोंबील. इथे उपासाचे वार सोडले तर ताटात म्हावरं असतंच, आणि सकाळ-संध्याकाळ दुधाचा चहाही असतो. म्हणजे त्या वाक्यात तथ्य असतं, तर आमचा अख्खा कोळीवाडा एव्हाना पांढरा व्हायला हवा होता.

तसं काही झालेलं नाही. तरीही वाक्य टिकून आहे. ते आलं कुठून, किती जुनं आहे आणि इतका काळ कशाच्या बळावर तगलं, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. बिघाडाच्या मुळाशी जाणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे, तेवढंच भांडवल.

पण नुसत्या कुतूहलापोटी मी याच्या मागे लागलो नाही. माझ्या आत्याला एकोणिसाव्या वर्षी कोड आलं. आधी ओठाच्या कडेला, मग बोटांच्या टोकांना. जमत आलेलं लग्न मोडलं. ते मोडण्यापेक्षाही तिला जास्त लागली ती घरातली चौकशी: काय खाल्लंस, कधी खाल्लंस, दूध कधी प्यायलीस? तिने मासे सोडले. अकरा वर्षं ती आजीबरोबर बाजारात बसून पापलेट-सुरमई विकत होती, घरी येऊन सगळ्यांसाठी कालवण करत होती आणि स्वतः वरणभात जेवत होती. डाग जागचे हलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझ्या मनगटावर पहिला डाग दिसला, तेव्हा ओळखीतल्या एका काकूंनी अगदी मायेने तोच प्रश्न विचारला. चाळीस वर्षांत प्रश्नातला एक शब्दही बदलला नव्हता.

आत्रेयांच्या सभेतला मासा

या वाक्याचं मूळ लिखित स्वरूपात सापडतं ते चरकसंहितेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी आजचं रूप घेतलेल्या या ग्रंथाच्या सूत्रस्थानातला सव्विसावा अध्याय विरुद्ध आहाराबद्दल, म्हणजे एकत्र खाऊ नयेत अशा पदार्थांबद्दल बोलतो. मासे आणि दूध ही त्यातली अग्रगण्य जोडी. कारण असं दिलंय की दोन्ही मधुर, दोन्ही शरीरातले मार्ग तुंबवणारे. पण दूध थंड आणि मासे उष्ण. हा विरोध रक्त बिघडवतो.

गंमत पुढे आहे. गुरू आत्रेयांचं हे म्हणणं ऐकून भद्रकाप्य नावाचे ऋषी दुरुस्ती सुचवतात. त्यांचं मत असं की सगळे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही, फक्त चिलिचिम नावाचा मासा सोडावा. मग त्या माशाचं वर्णन येतं: खवले असलेला, लाल डोळ्यांचा, अंगभर तांबड्या रेघा आणि बऱ्याचदा जमिनीवर वावरणारा. आत्रेय ही दुरुस्ती मान्य करत नाहीत. कुठलाच मासा दुधाबरोबर नको, चिलिचिम तर मुळीच नको, असा ते निकाल देतात. म्हणजे आपण ज्याला पूर्वापार चालत आलेलं निर्विवाद सत्य समजतो, ते मूळ ग्रंथात वादाचा विषय म्हणून नोंदलेलं आहे. भद्रकाप्यांची बाजू जिंकली असती तर आत्याची अकरा वर्षं वाचली असती.

त्याच अध्यायात विरुद्ध आहाराने होणाऱ्या रोगांची लांबलचक यादी आहे. तीत नपुंसकत्व आहे, आंधळेपण आहे, उन्माद आहे, भगंदर आहे आणि किलासही आहे. किलास, श्वित्र ही कोडाची जुनी नावं. इतक्या रोगांतून जनमानसात मासे-दुधाला चिकटून राहिलं ते कोडच. माझा तर्क असा की पांढऱ्या दुधाची आणि पांढऱ्या डागाची सांगड डोळ्यांना सहज पटते. भगंदराचं तसं नाही.

चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात किलासाची कारणं स्वतंत्रपणे दिली आहेत. खोटं बोलणं, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अपमान, पापकर्म, पूर्वजन्मीचं कर्म आणि शेवटी विरुद्ध अन्न. ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. सात कारणांपैकी सहा नैतिक आहेत, सातवं तेवढं जेवणाचं. आणि सातही रोग्याच्या वागणुकीतली आहेत. त्याहून जुन्या अथर्ववेदात पहिल्याच कांडात किलासासाठी दोन सूक्तं आहेत. त्यांत रात्री उगवलेल्या काळ्या वनस्पतीला डाग रंगवून टाकण्याची विनवणी आहे. तिथे रोग्याला कुणी जाब विचारत नाही. तो पुढे विचारला जाऊ लागला. मनुस्मृतीत ज्या कुळांशी सोयरीक करू नये त्यांत श्वित्र असलेलं कुळ आहे. डाग एकट्याच्या अंगावरून घराण्यावर गेला.

यात फक्त आपणच होतो असंही नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इराणी लोकांबद्दल लिहून ठेवलंय की, पांढरे डाग असलेल्या माणसाला ते शहरात येऊ देत नसत, कारण त्याने सूर्याचा अपराध केलेला असतो असं ते मानत. पांढरी कबुतरंसुद्धा ते हाकलून लावत.

नोंदी अचूक, निदान चुकलेलं

इथवर वाचून जुन्या वैद्यकाला मोडीत काढायचा मोह होईल. पण आमच्या कामात एक अनुभव नेहमी येतो. कुणीतरी बिघाडाची नोंद लिहिलेली असते. काय घडतं, कधी घडतं, हे त्याने अत्यंत बारकाईने टिपलेलं असतं, आणि 'कारण' या रकान्यात मात्र स्वतःचा अंदाज भरलेला असतो. तो रकाना चुकीचा निघाला म्हणून बाकीची नोंद कुणी फेकून देत नाही.

चरकाने लिहिलंय की जो डाग बरीच वर्षं जुना आहे, तो बरा होत नाही. वाग्भटाने भर घातली की तळहात, ओठ आणि गुह्यांग यांवरचा डाग नवा असला तरी त्याच्या मागे लागू नये. आज याचं कारण माहीत आहे. त्वचेत रंग परत येतो तो मुख्यतः केसांच्या मुळांशी दडून राहिलेल्या रंगपेशींतून. उपचार लागू पडला की पांढऱ्या डागात केसाकेसाभोवती तपकिरी ठिपके उमटतात आणि हळूहळू एकमेकांना मिळतात. ओठांवर आणि तळहातावर केसच नसतात. केस पांढरा झाला म्हणजे मुळाशी असलेला साठाही संपला. वाग्भटाकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी त्याने पाहिलेलं आजच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या अनुभवाशी जुळतं. आत्याचे डाग नेमके ओठावर आणि बोटांच्या टोकांवर होते. तिने मासे खाल्ले काय, सोडले काय, तिथे काही फरक पडणार नव्हता.

उपचाराचंही तसंच. चरक सांगतो की काकोदुंबराचा, म्हणजे उंबराच्या कुळातल्या एका झाडाचा रस गुळाबरोबर प्यायला द्यावा, अंगाला तेल लावावं आणि सोसेल तितका वेळ रोग्याला उन्हात बसवावं. डागांवर फोड येतील ते काट्याने फोडावेत. त्याच कुळातल्या अंजिराच्या पानांत आणि चिकात सोरालेन वर्गातली द्रव्यं असतात, जी त्वचेला उन्हापुढे कमालीची हळवी करतात. आयुर्वेदात कोडासाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली बावची म्हणजे याच द्रव्यांचं कोठार. सोरालेन हे नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडलं. जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ साली बावचीच्या बियांतून ते वेगळं केलं.

इजिप्तमध्ये नाईलच्या काठी उगवणाऱ्या एका वनस्पतीची पूड खाऊन उन्हात बसायची अशीच रीत होती. त्या वनस्पतीतून सोरालेनचा भाऊबंद वेगळा झाल्यावर १९४८ साली कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी कोडाच्या रुग्णांवर त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे उन्हाची जागा अतिनील किरणांच्या दिव्यांनी घेतली. १९९७ साली ॲमस्टरडॅमच्या वेस्टरहॉफ आणि नियूवबूर-क्रोबोटोव्हा यांनी दाखवून दिलं की अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा वापरला तर सोरालेन न घेताही रंग परततो आणि त्रास कमी होतो. आज कोडासाठी सर्रास दिली जाणारी प्रकाशचिकित्सा ती हीच. थोडक्यात, औषध आणि ऊन ही जोडी बरोबर होती. फक्त मात्रा कुणाच्या हातात नव्हती. ती आजही घरगुती बावचीच्या तेलात नसते. ते चोळून दुपारच्या उन्हात बसलेल्यांना भाजल्यासारखे फोड येतात. परंपरेतून आलंय म्हणून काही निरुपद्रवी ठरत नाही.

एक नाव, दोन रोग

मधल्या काळात कोडाला आणखी एक शेजारी भोवला. जुन्या वैद्यकात 'कुष्ठ' या एका छत्राखाली त्वचेचे अनेक रोग होते, आणि श्वित्राची चर्चा त्याच अध्यायाच्या शेवटी येते. लोकांच्या तोंडी श्वित्राचं 'श्वेतकुष्ठ' झालं, इंग्रजीतही 'पांढरा कुष्ठरोग' असंच नाव रुळलं. महारोगाला समाज जे देत आला, ते सगळं या नावाबरोबर कोडाच्या वाट्याला आलं. ब्रिटिश काळात जनगणनेत महारोग्यांची वेगळी मोजणी होई, तेव्हा नुसते पांढरे डाग असलेल्यांना त्यात धरू नका, अशी सूचना प्रगणकांना द्यावी लागे.

नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि निदान शास्त्रात तरी दोन्ही रोगांची ताटातूट झाली. कुष्ठरोगाला जंतू आहे, औषध आहे, तो पूर्ण बरा होतो. कोडाला जंतूच नाही, त्यामुळे ते कुणाकडून कुणाला लागत नाही. तरीही आत्याने भरलेल्या पाण्याच्या हंड्याला हात न लावणाऱ्या बायका खारदांड्यात होत्या, आणि हॅन्सनला जाऊन तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती, असं नाही. पण त्याच्या शोधाला मात्र झाली होती.

आपलीच फौज आपल्यावर

मग कोड होतं कशाने? शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवर उलटू शकते ही कल्पनाच शास्त्राला पचायला अर्धं शतक लागलं. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी मांडलं होतं की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणं टाळतं. त्यांच्या नावाचा दबदबा एवढा होता की 'टाळतं' याचा अर्थ पुढच्यांनी 'तसं होऊच शकत नाही' असा घेतला. १९५६ साली अमेरिकेत विटेब्स्की आणि रोझ यांनी सशांमध्ये, आणि लंडनमध्ये रॉइट, डोनिआक व सहकाऱ्यांनी थायरॉईडच्या रुग्णांमध्ये दाखवून दिलं की शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. स्वयंप्रतिकार रोगांचं दार तिथे उघडलं. संधिवाताचा एक प्रकार, लहानपणी होणारा मधुमेह, सोरायसिस, ल्युपस हे एकेक करून त्या दारातून आत आले. कोडही आलं. कोड असलेल्यांत थायरॉईडचे विकार बरेच आढळतात, ही जुनी निरीक्षणं आता एकाच गोष्टीच्या दोन बाजू ठरल्या.

आज चित्र साधारण असं आहे. त्वचेतल्या रंगपेशी एखाद्या ताणाखाली येतात. संरक्षण यंत्रणेतल्या टी पेशी त्यांना शत्रू समजून मारतात आणि एका रासायनिक संदेशाने आणखी टी पेशींना बोलावतात. त्यांतल्या काही त्या जागी मुक्कामच करतात. म्हणून बरा झालेला डाग बऱ्याचदा त्याच जागी परत येतो. हा संदेश त्वचेतच अडवणारं रुक्सोलिटिनिब मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झालं. रंग परत आणण्यासाठी तिथे मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध.

आणि दोष कुणाचा? जनुकांचा थोडा. पण जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल, तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एका मोठ्या अभ्यासात फक्त २३ टक्के निघालं. म्हणजे बाकी वाटा परिस्थितीचा आणि निव्वळ योगायोगाचा. परिस्थितीतली काही कारणं नेमकी सापडली आहेत. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांचे हात पांढरे पडू लागले, तेव्हा कारण निघालं त्यांच्या रबरी हातमोज्यांतलं एक रसायन. आपल्याकडे कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. तो टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने पडतो. पट्ट्यांच्या आकाराचे डाग रबरी चपलांनी पडतात. चौकशी करायचीच, तर ताटाची करण्याऐवजी चपलेची, टिकलीची आणि हातमोज्यांची केलेली बरी.

समग्र म्हणजे किती

हल्ली स्वयंप्रतिकार रोगांबरोबर 'समग्र' हा शब्द हमखास येतो. आहार, झोप, योग, मन, सगळं एकत्र बघा. कल्पना वाईट नाही. पण माझ्या मनगटावर डाग दिसल्यावर या नावाखाली मला जे सांगितलं गेलं, त्याने मला आत्रेयांची सभाच आठवली. गहू सोड, दूध सोड, मासे तर सोडच. तू राग मनात धरतोस, त्यामुळे शरीर स्वतःशी भांडतंय. एका सल्लागाराने पैसे घेऊन हे ऐकवलं. पाप या शब्दाच्या जागी ताण आला, विरुद्ध अन्नाच्या जागी आतड्यातली जळजळ आली. रकाना तोच राहिला: तुझंच काहीतरी चुकलं.

ताणाचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. पहिल्या डागाआधी काही मोठा आघात झाल्याचं अनेक रुग्ण सांगतात. आहार किंवा वनौषधींचा काहीच उपयोग नाही असंही नाही. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत २००३ साली ५२ जणांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत गिंको या झाडाच्या अर्काने डागांचं पसरणं थांबायला मदत झाल्याचं दिसलं. असे प्रयोग आणखी व्हावेत. पण मासे सोडून कोड गेल्याचा पुरावा कुणाकडे नाही. बंगाल्यांचं दह्यातलं माशाचं कालवण आणि युरोपातली दुधातली माशांची सुपं पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात आहेत, आणि कोडाचं प्रमाण जगभर साधारण अर्धा ते दोन टक्क्यांच्या आसपासच आहे.

मला पटणारं समग्रतेचं उदाहरण पुण्याचं आहे. डॉ. माया तुळपुळे स्वतः डॉक्टर, आणि त्यांना स्वतःला कोड. त्यांनी तिथे 'श्वेता असोसिएशन' नावाचा स्वमदत गट उभा केला. डाग असलेली माणसं एकत्र बसतात, एकमेकांशी बोलतात, डॉक्टरांना प्रश्न विचारतात. गटातर्फे वधूवर मेळावेही भरतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर आहे. देविका दफ्तरदार यांनी केलेली त्यातली नायिका डॉक्टर आहे, तिला कोड आहे, आणि प्रश्न उभा राहतो तो लग्नाच्या वेळी घरच्यांपुढे. आजार तिच्या त्वचेला आणि अवघडलेपण बाकीच्यांना, ही गोष्ट त्या चित्रपटाने अचूक पकडली आहे.

वधूवर मेळावा हा उपचार आहे का? माझ्या मते आहे. मनूच्या काळापासून या रोगाची सर्वांत खोल जखम सोयरिकीच्या दारातच झालेली आहे, तर मलम तिथेच लागायला हवं. समग्र उपचारात त्वचारोगतज्ज्ञ असावा, थायरॉईडची तपासणी असावी, प्रकाशचिकित्सेला आठवड्यातून दोन-तीनदा जायला सुट्टी देणारा साहेब असावा, पांढऱ्या डागाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून काळजी असावी, झोप आणि व्यायाम असावा. आणि घरातली, शेजारची, कचेरीतली माणसंही त्या उपचाराचा भाग असावीत. रोग्याभोवतीचं वर्तुळ मोठं होणं म्हणजे समग्रता. रोग्याच्या चुकांची यादी मोठी होण्याला तो शब्द वापरू नये.

दरवर्षी २५ जूनला जागतिक कोड दिन पाळतात. ती तारीख मायकल जॅक्सनच्या मृत्यूची. आपल्याला कोड असल्याचं त्याने १९९३ साली जाहीर मुलाखतीत सांगितलं होतं. त्याने मुद्दाम कातडी उजळून घेतली, असं लोक तरीही म्हणत राहिले. शवविच्छेदनात कोड स्पष्टपणे नोंदलं गेलं, तेव्हा कुठे तो विषय मिटला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसालाही हा आपला दोष नव्हे हे जिवंतपणी पटवून देता आलं नाही. मग डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जाणाऱ्या बाईने ते कसं पटवून द्यायचं?

तिच्यावर ते ओझं असूच नये. कुणाच्या अंगावर डाग दिसला तर काय खाल्लंस हा प्रश्न गिळून टाकावा. बोलावंसं वाटलंच तर डॉक्टरकडे जायला सोबत हवी का, एवढं विचारावं. आत्याने तिशीत पुन्हा मासे खायला सुरुवात केली. आज ती साठीला आली आहे. डाग जसे होते तसेच आहेत, आणि घरातलं सगळ्यांत चांगलं बोंबलाचं कालवण तीच करते.